मामांची लांब शिट्टी

माझ्या मामेसासऱ्यांनी वयाच्या साठीपर्यंत जगातल्या एकाही गोष्टीचा शेवट पाहिला नव्हता, आणि मामींनाही पाहू दिला नव्हता. सिनेमा, तमाशा, कुस्त्यांचा फड, भाच्याचं लग्न, शाळेचं गॅदरिंग, काहीही असो; मध्यावर कुठंतरी मामांची नजर वर जायची, एखादा पंखा डुगडुगताना, एखादी वायर लोंबताना किंवा एखादा बांबू कलताना दिसायचा, आणि मामा मामींच्या कोपराला धरून म्हणायचे, "ऊठ. हितं बसण्यात अर्थ न्हाई." मामी उठायच्या. हे विधान मी सवयीनं तपासून घेतलेलं आहे. मामींना विचारलं, त्यांच्या मुलीला विचारलं, शेजारच्या दोन घरांत विचारलं. अपवाद एकच सापडला. एक कीर्तन त्यांनी आरतीपर्यंत ऐकलं होतं. पण ते उघड्या माळावर होतं. त्याचं कारण मामांनीच सांगितलं, "आभाळाचा नटबोल्ट ढिला व्हत न्हाई."

मामा खलाशी होते. समुद्र त्यांनी पाहिला नव्हता. कारखान्यातली अवजड यंत्रं दोरखंड, साखळी आणि कप्पीच्या जोरावर उचलून जागेवर बसवणाऱ्याला आमच्याकडे खलाशी म्हणतात. घराणं मेंढपाळांचं, आजोबांच्या हयातीत मेंढरं गेली आणि दौंडजवळ चार एकर जिरायत आली. मामा पोरवयात साखर कारखान्यांची धुराडी उभी करणाऱ्या एका ठेकेदाराकडे लागले आणि पुढं कुरकुंभला रसायनांचे कारखाने आले तेव्हा तिथं टाक्या चढवू लागले. एवढ्या वर्षांत त्यांच्या हाताखालचा एकही माणूस वरून पडला नाही. बाकी कशाचाही अभिमान त्यांना नव्हता, पण हा होता. "मान्सं म्हंत्यात देवाची किरपा," ते म्हणत. "देव बसलाय वर. त्याला खालची गाठ कशी दिसंल? गाठ म्या बघितली."

ही गाठ बघायची सवय कारखान्याच्या गेटवर सुटत नसे. घरच्या झोपाळ्यावर माणूस बसण्याआधी आठ दिवस बाजरीचं पोतं बसलं होतं. मग दोन पोती. मग मामी. गावच्या जत्रेत आकाशपाळण्याचा मालक मामांना लांबून ओळखायचा आणि चहाला जायचा. माझ्या लग्नात मंगलाष्टकं सुरू झाल्यावर मामांना माझ्या डोक्यावर एक हॅलोजन दिसला. त्यांनी मला खांद्याला धरून दोन फूट डावीकडं सरकवलं. भटजी थांबले नाहीत, फोटोग्राफरही थांबला नाही. त्यामुळे लग्नाच्या अल्बममधल्या सगळ्या महत्त्वाच्या फोटोंत मधोमध मंडपाचा खांब आहे आणि मी कडेला, आमंत्रण नसताना आल्यासारखा उभा आहे.

मामांच्या गळ्यात काळ्या दोऱ्यात ओवलेली पितळी शिट्टी असे. यंत्रांच्या आवाजात हाका ऐकू येत नाहीत, म्हणून खलाशी शिट्टीवर बोलतात. एक आखूड म्हणजे थांबा. दोन आखूड म्हणजे उचला. तीन आखूड म्हणजे हातातलं टाका आणि आधी बाहेर पडा. एक लांब म्हणजे माल जमिनीवर टेकला, आता हात मोकळे करा. ही भाषा मामांच्या घरात सगळ्यांना येत होती. मुलगी जन्मली तेव्हा दौंडच्या दवाखान्याच्या ओसरीवर मामांनी एक लांब शिट्टी वाजवली आणि दुसऱ्या वॉर्डातले तीन बाप दचकून उठले, असं मामी सांगत.

मामींची तक्रार एकच होती. "ह्यांच्यासंगं समदं निम्मं बघितलं. निम्म्या तिकिटाचं पैसं मागं घ्याया पायजेत." मी बातमीदार असल्यानं त्यांनी अर्धवट राहिलेल्या गोष्टींचे शेवट शोधून आणायचं काम माझ्याकडं दिलं होतं. "जावयबापू, त्या पिच्चरमधी त्या पोराला आय सापडली का न्हाई?" असा प्रश्न आला की मी थिएटरच्या डोअरकीपरला गाठायचो आणि पक्की माहिती आणायचो. आई सापडली होती. एका वगाचा शेवट मिळवायला मला दोन दिवस आणि तीन माणसं लागली, आणि तिघांनी तीन वेगळे शेवट सांगितले. मामींनी तिन्ही ऐकून घेतले आणि मधला ठेवला.

दोन हजार साल उलटून दोन-तीन वर्षं झाली असतील. पुण्याहून सहा जणांचा एक संच दौंडला आला. त्यांचा खेळ सर्कशीचा, पण तंबू नाही, वाघ-हत्ती नाहीत, विदूषक नाही, बँड नाही. एका जुन्या तालमीचा हॉल, तिन्ही बाजूंना सतरंज्या, मधे रिकामी जागा, आणि छपराच्या लोखंडी कैचीवरून सोडलेला एक पांढरा दोर. खेळ करणाऱ्याचा घाम अंगावर उडेल इतक्या जवळ बसायचं. तिकिटं बहुतेक कुरकुंभच्या कँटीनमध्ये खपली होती, त्यामुळे आले ते पहिल्या पाळीतून सुटलेले कामगार आणि त्यांची कुटुंबं. मला बातमी करायची होती. तीन पास मिळाले, आणि मामींनी अट घातली.

"येते. पर शेवट बघून उठायचं. लगीन झाल्यापासनं एक शेवट मागतीया मी. एक."

मामांनी पाणी पिऊन पेला खाली ठेवला आणि म्हणाले, "बिरोबाची आन. शेवटपातुर उठणार न्हाई."

खेळाला सुरुवात झाली. चार पोरं आणि दोन पोरी एक घर बदलतायत, एवढीच गोष्ट होती. कोणी बोलत नव्हतं. एक पोरगा लोखंडी कॉट डोक्यावर तोलत आला, दुसरा त्या कॉटवर हातांवर उभा राहिला, तिसऱ्यानं त्याच्या तळपायांवर पाण्याचा हंडा ठेवला. मामींनी पदर तोंडावर धरला. एक शिडी कशालाही न टेकता उभी राहिली, आणि धाकट्या अंगाची एक पोरगी तिच्यावर चढून पलीकडून उतरली. मामांच्या मांडीवरच्या मुठी आवळल्या होत्या, पण ते बसले होते. पस्तीस मिनिटं झाली तेव्हा मामींनी माझ्याकडं बघून भुवई उडवली. मामांच्या बाबतीत हा उच्चांक होता.

मग दुसरी पोरगी दोरावर चढली. ती संचाची म्होरकी होती. पंचविशीतली, मलखांबात तयार झालेली, खांदे भरदार. वर कैचीपाशी जाऊन तिनं दोराचा एक फेरा मांडीभोवती घेतला, एक कमरेभोवती, आणि दोन्ही हात सोडून घर न्याहाळावं तशी खाली बघत राहिली. सत्याऐंशी माणसं श्वास धरून होती. आणि ती सुटली. डोकं खाली, पाय वर, सरळ जमिनीच्या दिशेनं.

ती जमिनीपासून हातभर वर थांबली. थांबणारच होती, तो खेळाचाच भाग होता. पण ती थांबायच्या आत तीन आखूड शिट्ट्या वाजल्या होत्या.

पुढं जे झालं ते आमच्या भागातच होऊ शकतं. कुरकुंभला दर महिन्याला तीन शिट्ट्यांवर गॅस सुटल्याची रंगीत तालीम होते. माणसांच्या पायांना ती पाठ झालेली असते. तीन शिट्ट्या ऐकताच सगळे प्रेक्षक उठले. कोणी ओरडलं नाही, कोणी पळालं नाही. बायकांनी पोरं काखेत घेतली, चपलांचा विचार न करता माणसं दोन रांगांत बाहेर पडली आणि वाऱ्याची दिशा बघून अंगणातल्या लिंबाखाली जाऊन उभी राहिली. मामा लिंबाच्या पारावर चढून डोकी मोजू लागले. तिकिटं आणि पास धरून सत्याऐंशी माणसं होती. मोजणी त्र्याण्णव भरली. पुन्हा मोजली, पुन्हा त्र्याण्णव. जास्तीचे सहा जण खेळ करणारे होते. सगळे इतक्या गांभीर्यानं चाललेत म्हटल्यावर तेही घाबरून रांगेत येऊन उभे होते.

एका कारखान्याचा सेफ्टी ऑफिसर प्रेक्षकांत होता. त्यानं घड्याळ बघून मामांना हात जोडले. "मामा, एक मिनिट चाळीस सेकंद! आपल्या प्लँटला अडीचच्या खाली कधी आलं नाही हो."

मामांच्या कानावर ते पडलं नसावं. ते त्या म्होरक्या पोरीकडं बघत होते. ती धडधाकट, स्वतःच्या पायांवर उभी होती.

"तू पडलीस न्हवं?" मामांनी विचारलं.

"नाही मामा, ती आमची ड्रॉप आहे. मुद्दाम पडायचं असतं."

"मुद्दाम?"

"हो."

"आन् गाठ कोण मारतं?"

"मीच."

मामांनी शिट्टी सदऱ्याच्या आत सरकवली. मग त्यांनी खेळ पुढं सुरू करायला सांगितलं, अगदी अजिजीनं सांगितलं. पोरगी म्हणाली, "आज नाही होणार. अंग थंड झालं की दोरावर चढायचं नाही, असा आमचा नियम आहे." तीस वर्षं हाच नियम मामा आपल्या माणसांना शिकवत आले होते. "बरूबर हाय," ते म्हणाले, आणि खाली बघू लागले.

मी बातमी दिली ती अशी: प्रयोग मध्येच थांबवावा लागला, प्रेक्षक शिस्तीनं बाहेर पडले. दोन्ही वाक्यं खरी होती. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा देताना मामींनी मला विचारलं, "जावयबापू, शेवटी काय केलं आसतं ओ त्यांनी?" मला सांगता आलं नाही. पहिल्यांदाच. डोअरकीपर नव्हता, दुसरा प्रेक्षक नव्हता. शेवट कोणीच पाहिला नव्हता. मामी म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या. आपल्या नशिबी निम्मंच." हे त्या तक्रारीच्या सुरात म्हणाल्या असत्या तर मामांनी दुर्लक्ष केलं असतं. त्या अगदी साध्या आवाजात म्हणाल्या.

मामांनी चहा तसाच ठेवला, सायकल काढली आणि तो संच उतरला होता तिथं गेले. तासाभरानं परत आले ते दोन गोष्टी घेऊन. पुढच्या रविवारी तोच खेळ शिरूरला होता. आणि त्या पोरीनं त्यांना दोराचा फेरा कसा घ्यायचा ते दाखवलं होतं. "आमचा आज्जा मेंढरं कोंडायच्या जाळीला आसाच फेरा मारायचा," मामा मला म्हणाले. "वडला तर आवळतो, सोडला तर सुटतो. पोरीचा बी त्योच. शिकली कुठं कुणास ठावं." त्यांच्या आवाजात पहिल्यांदाच आदर होता, आणि तो त्यांच्या हाताखाली काम न केलेल्या माणसाबद्दल होता.

मग मामांनी सराव सुरू केला. अंगणात लोखंडी खुर्ची मांडली, गुडघ्यांवर हात ठेवून बसले आणि मामींना म्हणाले, "चढ." ओसरीच्या पत्र्यावर वाळत घातलेल्या मिरच्या काढायला मामींनी शिडी चढायची आणि मामांनी बसून राहायचं, असा तो सराव. शिडीला नऊ पायऱ्या होत्या. सोमवारी मामा तिसऱ्या पायरीला उठले. मंगळवारी पाचवीला. बुधवारी मामी सहाव्या पायरीवर मुद्दाम एका पायावर उभ्या राहिल्या आणि मामा खुर्चीसकट उठले.

"अवो, बसा की खाली! पडले तर मी पडंन, तुमी कशाला पडता?"

"तू एक पाय हलवलास."

"हलवणारच. ती पोरगी उलटी लटकती, तिथं काय करशीला?"

"तिची गाठ म्या बघितली हाय. तुझी कुठं बघितली?"

"पस्तीस वर्सं झाली गाठ मारून," मामी शिडीवरून म्हणाल्या. "आजून सुटली न्हाई. आता बघताय व्हय?"

शेजारणी कुंपणाला टेकून हसत होत्या. मामा हसले नाहीत. खुर्ची सरळ करून ते पुन्हा बसले आणि म्हणाले, "परत चढ." शुक्रवारी मामी नऊच्या नऊ पायऱ्या चढल्या, पत्र्यावर पाय दुमडून बसल्या, सगळ्या मिरच्या निवडून खाली उतरल्या, आणि मामा जागचे हलले नाहीत. त्यांचा सदरा पाठीला चिकटला होता.

शनिवारी ते एकटेच एसटीनं शिरूरला जाऊन आले. कशाला, असं विचारल्यावर म्हणाले, बियाणं आणायला. मामी मला म्हणाल्या, "बियाणं आणाया शिरूरला? दौंडात काय दुष्काळ पडलाय?" संध्याकाळी मामा रिकाम्या हातानं परतले. बियाणं पसंत पडलं नाही म्हणाले. पण हॉलची तुळई आठ इंची आहे, हे न विचारता सांगितलं.

रविवारी आम्ही शिरूरला गेलो. एका मंगल कार्यालयाचा जेवणाचा हॉल होता. शंभरेक माणसं, तशाच सतरंज्या, तोच पांढरा दोर. लिंबाखाली उभे राहिलेल्यांपैकी दहा-बाराजण शेवट बघायला खास दौंडहून आले होते. मामांना बघून त्यांनी चपला हाताशी ठेवल्या. बसण्यापूर्वी मामांनी गळ्यातला काळा दोरा काढला आणि शिट्टी मामींच्या हातात दिली. ती त्यांच्या गळ्यातून निघालेली मी त्याआधी कधी पाहिली नव्हती. "तू ठिव," म्हणाले. "माझा भरवसा न्हाई."

कॉट आली, हंडा आला, शिडी उभी राहिली. मामा एकदाही वर बघत नव्हते. वर काय आहे ते त्यांना काल कळलं होतं. ते पोरांच्या हातांकडं बघत होते. कोण कुणाला कधी पकडतो, पकडायच्या आधी कसा श्वास घेतो, एक पोरगा दर वेळी दुसऱ्याच्या मनगटाला बोटानं हलकंच टिचकी मारतो ती कशासाठी. "तयार हाय म्हून सांगतो त्यो," मामा माझ्या कानात म्हणाले. "शिट्टीच हाय ती." मग म्होरकी दोरावर चढली, दोन फेरे घेतले, हात सोडले. आणि ती सुटली.

मामींचा हात शिट्टीसकट ओठांकडं गेला. पस्तीस वर्षं ज्यांनी मामांच्या काळजीची टर उडवली, त्याच मामी. मामांनी मान न वळवता त्यांच्या हातावर हात ठेवला. "ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "गाठ धरलीय."

पोरगी जमिनीपासून हातभर वर थांबली. दौंडच्या दहा-बाराजणांनी चपला सोडल्या.

शेवट असा होता. बाकीच्या पाचांनी खालून वर हातांचा जिना केला. कोणी बसून, कोणी वाकून, कोणी दुसऱ्याच्या खांद्यावर उभं राहून तळहात पुढं धरले. म्होरकी उंच जाऊन दोर सोडून त्या तळहातांवर आली आणि घरातल्या जिन्यावरून उतरावं तशी एकेका हातावर पाय देत खाली आली. जिना उलगडत गेला. शेवटच्या हातावरून ती सतरंजीवर उतरली आणि मोकळी जागा दिसली तिथं, मामींच्या शेजारी, येऊन बसली. खेळ संपला होता, पण टाळी कधी वाजवायची ते कुणाला कळेना. मामी सरकून तिला जागा देत म्हणाल्या, "बस गं बाय. दमलीस."

मग त्यांनी मामांकडं पाहिलं. मामा तसेच बसले होते, हात गुडघ्यांवर, बोटं पांढरी पडलेली. मामींनी शिट्टी तोंडाला लावली आणि एक लांब शिट्टी वाजवली. त्या आवाजावर मामांचे दोन्ही हात सुटले. दौंडवाल्यांनी टाळ्या सुरू केल्या आणि हॉल भरून गेला. मामांनी टाळ्या वाजवल्या नाहीत. टाळ्या थांबल्यावर ते पोरीला म्हणाले, "गाठ झ्याक हाय," आणि एसटीच्या वेळेची चौकशी करू लागले.

त्यानंतर मामा प्रत्येक गोष्ट शेवटपर्यंत बघू लागले. लग्नात ते खुर्च्या एकावर एक रचेपर्यंत थांबतात. मामींना मात्र आता दिसत नाही. काचबिंदूनं आधी एक डोळा गेला, मग दुसराही. दुपारी टीव्हीवर सिनेमा लागला की मामा त्यांच्या कॉटशेजारी बसून पडद्यावर काय चाललंय ते सांगतात. मी दोन-चारदा तिथं बसून ऐकलं आहे. मारामारी ते थोडक्यात उरकतात, गाणी सोडून देतात. शेवट नीट सांगतात. मामांच्या सांगण्यात सगळ्या सिनेमांचा शेवट सारखाच असतो.

मागच्या खेपेला जो सिनेमा होता त्यात शेवटी नायक कड्यावरून पडतो आणि मरतो. पडदा काळा झाला. मामांनी आधी माझ्याकडं पाहिलं, मग मामींकडं वळून म्हणाले, "झालं. समदी सुखरूप खाली उतरली."

"जावयबापू," मामींनी आवाजाच्या दिशेनं तोंड वळवून विचारलं, "खरं का ओ?"

इतक्या वर्षांत मी न घडलेल्या गोष्टीला दुजोरा दिलेला नव्हता. "खरं हाय मामी," मी म्हणालो. "सगळे उतरले."

मामी हसल्या आणि उशीखाली हात घालून शिट्टी चाचपू लागल्या. ती जरा लांब गेली होती. मामांनी ती त्यांच्या बोटांपाशी सरकवली आणि गुडघ्यांवर हात ठेवून वाट बघत बसले.